सुपारी न खाणाऱ्या घरातला अडकित्ता

१

चतुराबाई गिराम एकदा कापसात शिरली की दुपारच्या भाकरीपर्यंत मान वर करत नसे. बोरटाकळीतल्या बाया तिच्या जोडीला वेचायला जायला नको म्हणायच्या, कारण तिच्या बरोबरीनं कमरेला बांधलेला कापसाचा ओटा भरता भरता जीव जायचा. आणि त्या शुक्रवारी सकाळचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते, तर ही बाई दोन ओळींच्या मधे आडवी पडलेली.

सून प्रियांकाला आधी वाटलं, जरा टेकल्या असतील. जवळ जाऊन बघते तर डोळे अर्धवट उघडे, दातखीळ बसलेली, आणि घाम असा की लुगडं पिळून घ्यावं.

"आत्याबाई! ओ आत्याबाई!"

आत्याबाई कशाला ओ देते! जीपमध्ये घालून जिंतूरला नेलं, जिंतूरवाल्यांनी परभणीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं बोटाचं रक्त तपासलं आणि नवरा बन्सीधरकडे वळून बघितलं.

"साखर अठ्ठावीसवर आलीय. अजून तासभर गेला असता तर बाई हातची गेली असती. साखरेची गोळी जास्त गेलीय यांच्या पोटात. गोळ्या कोण देतं?"

बन्सीधरला त्या वेळी कुणाचं तरी नाव घ्यायचंच होतं, आणि ते तोंडाशीच होतं.

"आशाताई देती. संघप्रिया. रोज सकाळी सोता येऊन, डोळ्यासमोर गिळायला लावती."

संध्याकाळची एसटी गावात पोचायच्या आधी ही बातमी बोरटाकळीत पोचली. एसटी नेहमीसारखी अर्धा तास उशिरा आली, पण तोवर बातमीला हातपाय फुटले होते. संघप्रियानं एकाच्या जागी दोन गोळ्या दिल्या, असं पारावर ठरलं. पिठाच्या गिरणीवर त्या दोनाच्या चार झाल्या.

२

शनिवारी सकाळी संघप्रिया खिल्लारे बायनाबाईंच्या दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

बायनाबाई म्हणजे गावच्या रिटायर नर्स. एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात काढली, निम्म्या गावाची नाळ त्यांनी कापली. स्वभाव असा की नाडी हाताला लागल्याशिवाय समोरचा माणूस जिवंत आहे हेसुद्धा मानायच्या नाहीत. गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"रडायलीस कामून? रडल्यानं कुणाची साखर वाढल्याचं मला तरी मालूम न्हाई. बस. पाणी पी. मग सांग."

"सिस्टर, बुधवारी बैठक हाय पंचायतीत. तालुक्याच्या मॅडम येणारेत. आदिनाथ सर म्हनले, तुमचं नाव कमी करावं लागंल, अन गिरामांनी तक्रार दिली तर पोलीसबी येतील." तिनं पदर तोंडाशी धरला. "मी एकच गोळी दिली हो. पोरीची आण घेऊन सांगते, एकच!"

"पोरीला मधी आणू नको. पहिल्यापासून सांग."

प्रकरण असं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं जिंतूर तालुक्यातल्या सहा गावांत अभ्यास सुरू केला होता. माणूस काटकुळा असतो, रानात राबतो, कधी पोटभर खात नाही, तरी त्याला साखर कशी होते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचे मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी देवळासमोर बोलले होते: साखर फक्त जाड माणसाला होते हे डोक्यातून काढून टाका. आईच्या पोटात असल्यापासून ज्याची उपासमार झाली, त्याचं शरीर आतून वेगळं घडतं, आणि त्याची साखर वेगळी, औषधही वेगळं असू शकतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि घरी जाऊन सांगितलं होतं की पुण्याचे लोक रिकामटेकडे आहेत.

गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं वजन झालं, बोटाचं रक्त झालं. ज्यांना आधीपासून गोळी चालू होती त्यांना पंधरा दिवस आशाताईनं रोज सकाळी डोळ्यांदेखत गोळी गिळवायची, म्हणजे औषध लागू पडतंय की नाही ते कळेल.

"चतुराबाईची गोळी लय भारी," संघप्रिया म्हणाली. "वर्षात तीनदा वाढवली डॉक्टरनं. निळी गोळी, सगळ्यात मोठ्या ताकदीची. तरी साखर दोनशेच्या खाली येत न्हवती. सोमवारी मी पहिल्यांदा समोर उभी राहिले. तर ह्यांनी गोळी गालात धरली! मी म्हनलं, आ करा, जीभ उचला. तवा गिळली. लय रागावल्या माझ्यावर."

बायनाबाईंनी भुवया उचलल्या. "गालात धरली? आठ वर्षं गोळी खाणारी बाई गालात कामून धरायली?"

"कडू लागती म्हनल्या."

"हं. पुढं?"

"बुधवारी म्हनल्या, हाताला कापरं भरायलंय. मी बोटाचं रक्त बघितलं तर चौऱ्याहत्तर! कधी न्हाई ती इतकी खाली. मी तिथूनच आदिनाथ सरला फोन केला. ते म्हनले, चालू ठेवा, मधी तोडू नका. मी बाईला म्हनलं, भाकरी खाल्ल्याबिगर रानात जाऊ नका. पण गुरुवारचा त्यांचा उपास, अन शुक्रवारी नुस्ता चहा घेऊन गेल्या."

"पाकिटात किती गोळ्या उरल्या?"

"दहातल्या पाच. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, पाच गोळ्या. पण लोक म्हणायलेत, माझ्या पिशवीत चाळीस जणांच्या गोळ्या असत्यात, मी त्यातली जास्तीची दिली." संघप्रियाचा आवाज खाली गेला. "अन म्हणायलेत, मी जुना राग काढला. ती बाई मला कधी ओसरीच्या आत घेत न्हवती ना, म्हनून."

ओसरीची गोष्ट खरी होती, सगळ्या गावानं पाहिलेली होती. आणि राग येण्यासारखी होती. संशयाला एवढी जागा पुरते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी संघप्रियाचे डोळे निरखून पाहिले, थोडा वेळ पाहिले. मायेनं नव्हे, तपासणीसाठी.

"राग होता का तुला?"

"होता," संघप्रिया म्हणाली. "पण गोळी एकच दिली."

३

आदिनाथ म्हणजे त्या अभ्यासाचा तालुक्यातला देखरेख करणारा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंडात सारखं "प्रोटोकॉल, प्रोटोकॉल". रविवारी तो पंचायतीच्या खोलीत कागद लावत बसलेला बायनाबाईंना सापडला. त्यांना बघताच त्यानं एक फाईल दुसरीखाली सरकवली.

"बुधवारी संघप्रियानं तुमाला फोन केला होता का?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"दिवसात पन्नास फोन येतात ताई. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

"चौऱ्याहत्तर साखर सांगणारे किती येतात?"

आदिनाथनं ओळखपत्राची दोरी सरळ केली. बायनाबाईंनी ते मनात टिपून ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बरं राहू द्या. गिरामांच्या घराचा कागद दाखवा. म्हाताऱ्या नर्सला तेवढं तरी दाखवता का त्याला बी प्रोटोकॉल?"

फोनचा विषय टळला या आनंदात त्यानं कागद काढून दिला. चार नावं होती. बन्सीधर, वजन चौसष्ट, साखर एकशे चार. चतुराबाई, वजन बाहत्तर, साखर दोनशे दहा. प्रियांका, वजन अठ्ठावन्न, साखर ब्याण्णव. मुलगी अर्पिता, वजन अठ्ठावन्न, साखर चौऱ्याण्णव.

मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी होता, त्याची जागा रिकामी.

बायनाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ही तपासणी झाली तवा संघप्रिया होती का?"

"नाही. ती बाळंतिणीला घेऊन जिंतूरला गेली होती. आमची बाहेरची टीम होती. एका दिवसात एकशे साठ माणसं केली आम्ही," आदिनाथ अभिमानानं म्हणाला.

"एकशे साठ! बाप रे. चेहरे तरी बघितले का त्यांचे?"

"बायका स्कार्फ बांधून रांगेत असतात ताई. आम्ही नाव विचारतो, बोट टोचतो, पुढचा."

बायनाबाईंनी कागद परत केला. घरी जाताना रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. गिरामांची अर्पिता त्यांच्याच हातांवर जन्मली होती. अठ्ठावन्न किलो? त्या पोरीला दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी दिल्या तरी ती अठ्ठावन्न भरली नसती.

४

सोमवारी त्या गिरामांकडे गेल्या. चतुराबाई अजून परभणीलाच होती. ओसरीवर लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा पडलेला. अर्पिताचं लग्न सोळा दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा हरिओम, मानवतच्या कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर, दोन भाऊ, बागायत, नाव ठेवायला जागा नाही.

"या सिस्टर," बन्सीधर म्हणाला, पण बाजेवरून उठला नाही. "त्या पोरीची वकिली करायला आलात का?"

"चतुराबाईची तब्येत पुसायला आले. कशी हाय?"

"शुद्धीत हाय. उद्या सोडतेत. पण मी सोडणार न्हाई. माझ्या घरात लगीन तोंडावर आलंय अन घरधनीण मरता मरता वाचली! कुणी केलं ते सारं गाव सांगायलंय."

"गाव तर दोनाच्या चार गोळ्या सांगायलंय. उद्या पोतं सांगंल." बायनाबाईंची नजर खिडकीत गेली. तिथं काळपट पाण्याची एक बाटली होती. "हे काय?"

बन्सीधर चपापला. "काढा हाय. साखरेवरचा. जिंतूरच्या बाजारातून आणला."

"डॉक्टरला सांगितलं का हे?"

"त्यात काय सांगायचं!" तो एकदम तडकला. कपाळावर घाम दिसायला लागला. बायनाबाईंनी बाटली उचलली, उन्हाकडे धरली. बुचाचं सील तसंच होतं, फोडलेलंच नव्हतं.

"तिनं एक घोट बी घेतला न्हाई," बन्सीधर ओशाळून म्हणाला. "तीनशे रुपयाचा आणला, तर म्हनली, तुमीच प्या."

बाटली गेली. एक संशय कमी झाला, तेवढंच.

"मला जरा गोळ्या दाखवा," बायनाबाई म्हणाल्या.

प्रियांका आत घेऊन गेली. देव्हाऱ्याशेजारच्या देवळीत प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात पाच निळ्या गोळ्यांचं पाकीट. आणि डब्याच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला एक पितळी अडकित्ता.

बायनाबाईंनी तो उचलला. "तुमच्यात सुपारी कोण खातं गं?"

"कुणीच न्हाई," प्रियांका बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "म्हंजे, पाहुणे आले की."

"पाहुण्यांचा अडकित्ता देवाजवळ, गोळ्यांच्या डब्याला लागून?"

प्रियांका चूल बघायला वळली. चुलीवर काहीही नव्हतं.

बायनाबाईंनी अडकित्त्याचं पातं उघडलं. बिजागरीच्या खाचेत बारीक पूड अडकली होती. सुपारीची तपकिरी नव्हे, निळी पूड.

निळी गोळी फोडून कुणी भाजीत कालवत होतं की काय? आणि या घरात भाजी करते कोण? त्यांनी प्रियांकाच्या पाठीकडे बघितलं. पोर रिकाम्या चुलीत फुंकर घालत होती.

५

"पाय धुते जरा," म्हणून बायनाबाई मागच्या न्हाणीकडे गेल्या. एकटं राहायचं होतं त्यांना.

न्हाणीच्या दारात अर्पिता भेटली. हातात तांब्या, घटाघटा पाणी पिणं चाललेलं. बायनाबाईंना बघून तिनं तांब्या खाली ठेवला. गळ्याची हाडं वर आलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"लय तहान लागलीय का गं?"

"ऊन हाय ना."

नोव्हेंबर सरत आला होता. सकाळी अंगावर शाल लागत होती.

अर्पिता आत गेली. बायनाबाईंनी मोरीत पाणी सोडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मोरीच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग लागली होती, चांगली बोटभर जाड. लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या मोरीला लागतात, हे एकतीस वर्षांच्या नर्सला कुणी शिकवायची गरज नव्हती. जुन्या बाया साखरेचा रोग असाच ओळखायच्या, मशीन-बिशीन नंतर आलं.

पण साखरवाली बाई चार दिवस परभणीला. मग ह्या मुंग्या कुणासाठी आल्या?

बायनाबाई तिथंच उपड्या बादलीवर बसल्या. आता एकेक धागा आपोआप हाताला लागायला लागला. भाजीत कालवायचं तर गोळीची पूड लागते. पूड करायला घरात खलबत्ता होता, पाटा होता. अडकित्ता कोण घेईल? अडकित्त्यानं पूड होत नाही. अडकित्त्यानं एका वस्तूचे दोन भाग होतात.

एक गोळी, दोन भाग. आणि गालात धरलेली गोळी गिळायची नव्हती, कुणासाठी तरी वाचवायची होती.

"आगं माय!" बायनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग त्यांना स्वतःचा राग आला. पाच महिन्यांपूर्वी हीच पोर वाटेत भेटली होती, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "काय गं, लग्नासाठी बारीक व्हायलीस का?" बारीक पोरीला साखर असेल हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुण्याचे डॉक्टर देवळासमोर घसा फोडून सांगत होते आणि ह्या शेंगा सोलत ऐकत बसल्या होत्या.

मंगळवारी संध्याकाळी चतुराबाई घरी आली. बायनाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

"अर्पिताला कधीपासून हाय?"

चतुराबाईचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण बायनाबाईंनी अडकित्ता बाजेवर ठेवला आणि ते तोंड मिटलं.

"दीड वर्ष," ती शेवटी म्हणाली. "गळू झालं होतं, भरून येत न्हवतं. जिंतूरला रक्त तपासलं. मी कागद तिथंच फाडला. कुणाला सांगू सिस्टर? पोरीच्या जातीला साखर म्हनलं की कोण करून घेतंय? मला वाटलं, रोग एकच, गोळी बी एकच, मायलेकी वाटून खाऊ. तिला लय तरास झाला की सारी गोळी तिलाच द्यायची."

"म्हनून तुझी साखर कधी उतरली न्हाई. म्हनून डॉक्टर वाढवत गेला. त्याला काय ठाऊक तू अर्धी खायलीस! अन संघप्रियानं ती मोठी गोळी पहिल्यांदा सबंध तुझ्या पोटात घातली, ती बी उपाशी. तपासणीला अर्पिताच्या जागी प्रियांका दोनदा उभी राहिली ना?"

"मीच लावलं तिला. तिचा कसूर न्हाई." चतुराबाईनं हात जोडले. "सिस्टर, पाया पडते. पंधरा दिवस थांबा. एकदा अक्षता पडू द्या."

"अन उद्या संघप्रियाचं काय?"

"तिला दुसरं काम भेटंल. माझ्या पोरीला दुसरं स्थळ कुठं भेटंल?"

बायनाबाईंचा आवाज चढला. "तिला विषारी म्हणायलंय गाव! तिच्या हातून पुढं लेकराला डोस तरी कोण पाजून घेईल? अन ऐक. पोरीला आठ दिवस गोळीचा तुकडा बी न्हाई. तसंबी ती गोळी तिची हायच का, कुणी तपासलंय? बारीक अंगाची साखर वेगळी असती, तिला सुईबी लागंल. तू पोरीचं लगीन वाचवायलीस का पोर?"

चतुराबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. बायनाबाई उठल्या.

"उद्या अकरापर्यंत तू सांग. न्हाईतर मी सांगणार."

दार उघडलं तेव्हा चौकटीपाशी पाण्याचा तांब्या होता. तो ठेवणारी तिथं नव्हती.

६

बुधवारी पंचायतीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. तालुक्याच्या मॅडम खुर्चीवर, आदिनाथ त्यांच्या बाजूला कागद घेऊन, बन्सीधर पहिल्या रांगेत मांडी ठोकून. संघप्रिया भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना हात हातभर जागा रिकामी होती, एवढ्या गर्दीतसुद्धा.

चतुराबाई शाल गुंडाळून बायांत बसली होती. अकरा वाजून गेले. तिनं मान वर केली नाही.

"मॅडम, मी बोलते," बायनाबाई म्हणाल्या. "पहिलं एवढं सांगा, गोळ्या जास्त दिल्या असं कोण म्हनतंय? कुणी बघितलं?"

"दवाखान्यात सांगितलं—" बन्सीधर उसळला.

"दवाखान्यात सांगितलं की गोळी जास्त झाली. गोळ्या जास्त झाल्या असं न्हाई. एकच गोळी, पण त्या शरीराला जास्त झाली. कारण वर्षभर त्या शरीराला ती सबंध कधी मिळालीच न्हवती." त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. "ही पूड बघा. अर्धी गोळी चतुराबाई खायची. सोमवारपासून संघप्रियानं सबंध गिळवली, कागदात लिहिल्याप्रमाणं. कापरं भरलं तवा फोन बी केला. विचारा आदिनाथ सरला. फोनमधे वेळ असती, बुधवार, सकाळी सव्वासात."

मॅडम आदिनाथकडे वळल्या. त्यानं ओळखपत्राची दोरी पकडली.

"आला होता फोन," तो खाली बघून म्हणाला. "मीच म्हणालो, चालू ठेवा. माझं चुकलं."

खोलीत कुजबुज झाली. संघप्रियानं डोळे मिटून घेतले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मग उरलेली अर्धी गोळी? ती कुठं जात होती?"

बायनाबाईंनी चतुराबाईकडे बघितलं. एक शब्द, फक्त एकच, आणि चौदा दिवसांनंतरचा मांडव कोसळणार होता. आत्तापर्यंत कात्रीसारखी चाललेली त्यांची जीभ ऐन वेळी टाळूला चिकटली. त्यांना त्या पोरीच्या जन्माची सकाळ आठवली, दोन किलोचं, ओरडायलासुद्धा ताकद नसलेलं पोर.

"माझ्याकडं," मागून आवाज आला.

अर्पिता बायांमधून वाट काढत पुढं आली. चतुराबाई किंचाळली, "आगं, गप बस! काय बोलायलीस!" पण ती थांबली नाही. सरळ भिंतीपाशी गेली, संघप्रियाच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेत उभी राहिली आणि हात पुढं केला.

"संघप्रियाताई, मशीन काढ. माझं बोट टोच. ह्या खेपेला माझंच."

संघप्रियानं पिशवीतून मशीन काढलं आणि तोंडातून सवयीचा प्रश्न आला. "सकाळधरनं काय खाल्लंस?"

"अर्धी भाकर."

सुई टोचली. मशीन पाच सेकंद घेतं.

"चारशे अडतीस," संघप्रिया म्हणाली. मग तिनं काटा पुढं ओढला, अर्पिताला उभं केलं. "वजन एक्केचाळीस."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "हिला आत्ताच्या आत्ता परभणीला न्यायचं. गाडी काढा." आणि आदिनाथला म्हणाल्या, "ज्या माणसांना शोधायला तुम्ही सहा गावं फिरताय, त्यातलं एक ह्या घरात होतं. तुम्ही तिचं नाव लिहून घेतलंत आणि तिला बघितलंसुद्धा नाही."

बन्सीधर जागच्या जागी बसून होता. एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलायला लागला. "मला बी न्हाई सांगितलं?" एवढंच तो म्हणाला. मग डोळे पुसून उठला, संघप्रियासमोर गेला, हात जोडले.

"आता मानवतवाल्यांना काय तोंड दाखवू!" चतुराबाई कपाळ बडवत होती.

"मी दाखवते," अर्पिता म्हणाली. तिनं फोन काढला, स्पीकर लावला आणि गाडीत बसायच्या आधीच, सगळ्या गावादेखत, हरिओमला सांगून टाकलं. दीड वर्ष, अर्धी गोळी, दुसरीचं बोट, चारशे अडतीस. एक शब्द लपवला नाही. "आता तुमी न्हाई म्हनलात तरी माझा राग न्हाई. फक्त आजच सांगा."

पलीकडे जिनिंगच्या मशीनचा घरघराट ऐकू येत होता. मग तो कमी झाला, माणूस बाजूला गेला असावा.

"मी काय सांगू," हरिओमचा आवाज आला, घोगरा. "माझ्या मायला आठ वर्षं झाली साखरेला. आमी बी सांगितलं न्हवतं तुमाला. घराण्यात रोग हाय म्हनतेल म्हनून. तुमी आधी बऱ्या व्हा. पत्रिका काय, परत छापता येतेत."

खोलीतल्या बायांनी एकदम श्वास सोडला. चतुराबाईचा कपाळावरचा हात तसाच राहिला. अर्पिता पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता रडायला लागली.

बायनाबाईंच्या मात्र कपाळाला आठी पडली होती. त्यांनी अर्पिताच्या हातातून फोन काढून घेतला.

"जावईबापू, मी बायनाबाई, रिटायर नर्स. एक सांगा, तुमच्या मायची साखर गोळीनं उतरती का?"

"न्हाई हो. लय औषधं केली. डॉक्टर गोळी वाढवायलाय, तरी उतरत न्हाई."

"घरात अजून कोण कोण हाय तुमच्या?"

"मी, दोघं भाऊ... अन बहीण राजेश्री. कामून?"

"राजेश्री बारीक हाय का अंगानं?"

"हाय," हरिओम म्हणाला. "अन दिसभर सारखी पाणी पिती. तुमाला कसं ठाऊक?"